वांग, आम्ल आणि ऊन

भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला एखादा शब्द अडवून बसतो, तेव्हा दोष बहुधा शब्दाचा नसतो. त्या शब्दामागची वस्तू आपल्याला नीट ठाऊक नसते. त्वचेच्या आरोग्यावरील काही लेखांचे मराठीकरण करीत असताना 'केमिकल पील' हे दोन शब्द माझ्यापुढे आले आणि मी लेखणी खाली ठेवली. सोलणे हे क्रियापद आपल्याकडे संत्र्याला आणि उसाला लागते. 'साल काढणे' म्हणावे तर ते झाडाचे. आणि 'सालटी काढणे' म्हणावे तर वाचकाला ते मास्तरांच्या छडीचे वर्णन वाटायचे. 'कात टाकणे' हा प्रयोग मोठा सुंदर आहे. पण साप आपली कात आपल्या वेळेला आपण होऊन टाकतो. येथे ती दुसरा कोणी उतरवतो, आणि तीही आम्ल लावून. शेवटी मी 'पील' हाच शब्द ठेवला. गावोगावच्या पाट्यांवर तोच रूढ झालेला आहे, आणि ज्यांच्यामुळे हा विषय मला शब्दकोशाबाहेर भेटला, त्या माझ्या वहिनीही 'पील' असेच म्हणतात.

आमचे कुटुंब भिलाईचे. आजोबा १९५८ साली वर्ध्याहून येथे आले. सोव्हिएत तंत्रज्ञांच्या साहाय्याने पोलादाचा कारखाना त्या वेळी उभा राहत होता, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले तेव्हा आजोबा त्या गर्दीत होते. पुढे ते कोक भट्ट्यांवर लागले. वडील वायर रॉड मिलमध्ये. त्यामुळे आम्ल ही वस्तू आमच्या घरात गप्पांतून लहानपणीच शिरली होती. तापलेले पोलाद लाटताना हवेशी संयोग होऊन त्याच्यावर एक काळसर पापुद्रा चढतो. कामगार त्याला 'स्केल' म्हणतात. अशा सळईची बारीक तार ओढायची तर आधी तो पापुद्रा काढला पाहिजे, आणि तार ओढणाऱ्या पुष्कळ कारखान्यांत त्यासाठी सळईची वेटोळी पाणी घालून सौम्य केलेल्या आम्लाच्या हौदात बुडवतात. या क्रियेला 'पिकलिंग' असे नाव आहे. शब्दशः भाषांतर केले तर लोणचे घालणे! वडील सांगत, आम्ल पापुद्रा खाते तसे खालचे लोखंडही खायला टपलेलेच असते. म्हणून त्याला आवर घालणारे एखादे द्रव्य त्यात मिसळतात आणि मिनिटे मोजतात. मिनिटे चुकली की धातूला खड्डे पडतात, आणि आम्लाच्या क्रियेतून सुटलेला हायड्रोजन आत शिरून तार ठिसूळ होते.

आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी काही महिने भिलाईला माहेरी राहिले. माझे काम कोठूनही करता येते, एवढी सोय या नव्या काळाने केली आहे. त्या मुक्कामात वहिनींचा चेहरा मी रोज पाहत होते. दुसऱ्या बाळंतपणात त्यांच्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग उठले, ते गेले नाहीत. मराठीत याला वांग म्हणतात. भिलाईच्या बाजारात झाई. आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथांत 'व्यंग' या नावाने त्याची गणना क्षुद्ररोगांत केलेली आहे, आणि क्रोध व श्रम ही त्याची कारणे सांगितलेली आहेत. हे मी वाचून दाखवले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "सहावीचा वर्ग शिकवणाऱ्या बाईला दोन्ही भरपूर आहेत, ताई."

आजचे शास्त्र ऊन, अनुवंश आणि स्त्रीशरीरातील संप्रेरके ही तीन कारणे मुख्य मानते. गरोदरपणात किंवा संततिनियमनाच्या गोळ्यांनी वांग उठू शकतो आणि उन्हाने तो गडद होतो. तो दुखत नाही, खाजत नाही, जिवाला अपाय करीत नाही. म्हणूनच घरात कोणाला त्याचे काही वाटत नाही. "दुखत तर नाही ना?" एवढे विचारून माझा भाऊ वर्तमानपत्राकडे वळे. पण क्षुद्र म्हटलेला हा रोग माणसाला समाजात क्षुद्र करून टाकतो. हळदीकुंकवाला गेले की कोणीतरी "यकृत तपासून घ्या हो" असा सल्ला देतेच. शाळेच्या छायाचित्रात वहिनी मागच्या रांगेत, उंच बाईंच्या खांद्याआड उभ्या राहत. आणि त्यांची आठवीतली मुलगी एकदा आरशापुढे उभी राहून सहज म्हणाली, "आई, मलापण होणार का गं हे?" त्या प्रश्नानंतर वहिनींनी मनावर घेतले.

प्रारंभ अर्थातच स्वयंपाकघरातून झाला. साय आणि हळद, मसुराचे पीठ, सहाणेवर उगाळलेले जायफळ. यांतले काही मुळीच वेडगळ नाही. आंबट दह्यात लॅक्टिक आम्ल असते, उसाच्या रसात ग्लायकोलिक आम्ल असते, चिंचेत टार्टारिक, लिंबात सायट्रिक. आणि आज त्वचारोगतज्ज्ञ पीलसाठी जी सौम्य आम्ले वापरतात ती याच कुळातील आहेत. फिलाडेल्फियाचे व्हॅन स्कॉट आणि यू या दोघांनी १९७४ साली, जन्मतःच ज्यांची त्वचा माशाच्या खवल्यांसारखी जाड असते अशा रोग्यांवर या फळाम्लांचा उपयोग दाखवून दिला, आणि तेथून त्यांना शास्त्रात मान मिळाला. आजीच्या सायीचा त्यात अंशतः विजय आहे असे म्हणावयास हरकत नाही. मात्र लिंबाचे प्रकरण निराळे. लिंबाच्या रसात, विशेषतः सालीत, अशी द्रव्ये असतात की ती अंगावर राहून वर ऊन पडले तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. चेहऱ्यावर लिंबू चोळून गच्चीत वाळवणे घालायला जाणाऱ्या बायका मी पाहिलेल्या आहेत.

त्यानंतर गावातल्या एका ब्यूटी पार्लरची पाळी आली. मामेबहिणीचे लग्न मे महिन्यात होते. लग्नाला दहा दिवस असताना तेथल्या बाईंनी 'एका बैठकीत चेहरा उजळेल' असे सांगितले. दोनच दिवसांपूर्वी तेथेच चेहऱ्यावर ब्लीच लावले होते आणि दोऱ्याने ओठावरची लव काढली होती. अशा कातडीवर आम्ल अधिक खोल जाते, हे कोणी विचारात घेतले नाही. बाटलीवर नाव नव्हते, प्रमाण नव्हते. वहिनींना आग आग होऊ लागली तेव्हा "होतंच तसं, थोडं सहन करा" असे उत्तर मिळाले. सहन करणे हा तर आपल्या बायकांचा अभ्यासाचा विषय! त्यांनी सहन केले. घरी परत स्कूटरवरून, भर दुपारी, भिलाईच्या उन्हातून आल्या. तिसऱ्या दिवशी गालांवर तपकिरी खपल्या धरल्या, लग्नाच्या दिवशी त्यांवर पावडर थापली, आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पूर्वीच्या वांगाभोवती त्याहून काळ्या कडा उमटलेल्या होत्या.

मग मात्र भाऊच पुढे झाला आणि आम्ही एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्या नागपूरला शिकलेल्या असल्याने आमच्याशी मराठीत बोलल्या, आणि मी भाषांतर करते हे कळल्यावर त्यांना माझ्या प्रश्नांचा कंटाळाही आला नाही. पार्लरला दूषण देण्यात त्यांनी एक वाक्यही खर्च केले नाही. भिंग आणि दिवा घेऊन त्यांनी डाग पाहिले आणि म्हणाल्या, "पील म्हणजे मोजून केलेली जखम आहे. मोजायला शिकलेला हात नसेल, तर उरते ती नुसती जखम."

त्यांनी समजावले ते असे. आपल्या कातडीचा वरचा थर, ज्याला बाह्यत्वचा म्हणतात, तो कागदासारखा पातळ असतो. त्याच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, मरतात आणि शेवटी गळून पडतात. हा सारा प्रवास साधारण चार आठवड्यांचा. वय वाढते तशी ही चाल मंदावते. पीलमधले आम्ल वरच्या मृत पेशींमधील जोड सैल करते, त्या लवकर गळतात, आणि खालून नव्या पेशी भराभर वर येतात. वरच्या थरात साठलेले रंगद्रव्य त्यांच्याबरोबर निघून जाते. येथवर लोखंडाच्या हौदासारखेच. पण लोखंडाला दुखापत झाली तर ते आपणहून काळे पडत नाही, कातडी पडते. तळाच्या थरात मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य बनविणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत त्यांची संख्या जवळजवळ सारखीच असते. आपल्याकडे त्या अधिक रंग तयार करतात आणि त्या रंगाचे कण मोठे असतात एवढाच फरक. उन्हापासून तेच आपले रक्षण करतात. मात्र जखम, भाजणे, पुरळ, किंबहुना जोराने घासणे, कशानेही या पेशी चिडतात आणि जास्त रंग ओततात. डास चावलेल्या जागी आपल्याला जो काळा ठिपका महिनाभर राहतो तो याच चिडण्याचा. वहिनींच्या गालांवरच्या काळ्या कडा त्याच.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिलेली मात्रा जशीच्या तशी आपल्या चेहऱ्याला लावता येत नाही. अमेरिकेतील डॉ. फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेचे प्रकार पाडले, ते सोरायसिसच्या रोग्यांना प्रकाशकिरण किती द्यावेत हे ठरविण्यासाठी, आणि प्रथम गोऱ्या त्वचेपुरतेच. सावळी आणि काळी त्वचा त्या यादीत पाचवी व सहावी म्हणून मागाहून आली. बहुतेक भारतीय चौथ्या आणि पाचव्या प्रकारात बसतात. यादीत उशिरा आलेल्यांना पाठ्यपुस्तकातही उशिरा जागा मिळते, हे भाषांतरकाराच्या धंद्यात मी पुष्कळदा पाहिले आहे.

पीलचे खोलीवरून तीन प्रकार करतात. वरवरचे पील बाह्यत्वचेतच थांबते. मध्यम पील तिच्याखालच्या आंतरत्वचेच्या वरच्या भागापर्यंत जाते. खोल पील त्याहूनही आत. कोणत्या आम्लाने किती खोल जावयाचे हे त्याचे प्रमाण, त्याचा आंबटपणा, तो किती वेळ ठेवला आणि कातडी आधी कशी तयार केली यांवर अवलंबून असते. ग्लायकोलिक आम्लाचा रेणू लहान असल्यामुळे ते चटकन आत शिरते, आणि काम झाले की खाण्याच्या सोड्यासारख्या अल्कधर्मी द्रावणाने त्याला थांबवावे लागते. कडू बदामापासून प्रथम मिळालेल्या मँडेलिक आम्लाचा रेणू मोठा. ते सावकाश आणि सारखे पसरते, म्हणून नाजूक त्वचेला बरे. सॅलिसिलिक आम्लाचे घराणे वाळुंजाच्या सालीचे. ते तेलात मिसळते म्हणून मुरुमांच्या तोंडाशी पोचते, आणि त्यातला मद्यार्क उडाला की पांढरी भुकटी होऊन बव्हंशी आपले आपण थांबते. ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाला सोड्याने थांबविता येत नाही. ते कातडीतील प्रथिने गोठवते, त्वचेवर दहिवर पडल्यासारखा पांढरेपणा येतो, आणि त्या पांढऱ्या रंगावरूनच डॉक्टर खोली ओळखतात.

खोल पीलचे द्रव्य फिनॉल. हे नाव निघाले आणि मला आजोबा आठवले. कोळशाचा कोक करताना जे डांबर सुटते, तशा डांबरातूनच जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी १८३४ साली हे द्रव्य वेगळे केले आणि त्याला कार्बोलिक आम्ल असे नाव दिले. लाल कार्बोलिक साबणाचा तो वास आपल्या दोन पिढ्यांना ठाऊक आहे. (आता फिनॉल मुख्यतः खनिज तेलापासून करतात.) हँबर्गचे डॉ. उन्ना यांनी १८८२ साली फिनॉल, सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल आणि ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल यांचा त्वचेवरील उपयोग वर्णन करून ठेवला. पुढे अमेरिकेत ही विद्या काही काळ वैद्यकीय शिक्षण नसलेल्या सौंदर्यव्यावसायिकांच्या हाती गेली, आणि डॉक्टरांनी ती विसाव्या शतकाच्या मध्यास पुन्हा आपल्याकडे घेतली. फिनॉल त्वचेतून रक्तात जाऊन हृदयाची लय बिघडवू शकते. म्हणून ते रुग्णालयात, हृदयावर यंत्राची नजर ठेवूनच करावे लागते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली पीलसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत खोल पील भारतीय त्वचेसाठी योग्य नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि मध्यम पीलही सावळ्या वर्णावर फार जपून करावे असे बजावले आहे. राहिले वरवरचे पील. तेही एका बैठकीचे काम नव्हे.

डॉक्टर बाईंनी वहिनींना पहिले तीन महिने आम्लाला हातच लावू दिला नाही. आधी चिडलेली कातडी शांत होऊ दे, म्हणाल्या. सकाळी सनस्क्रीन, रात्री डागांवर लावायचे एक मलम, आणि पार्लरला पूर्ण सुट्टी: ब्लीच नाही, दोरा नाही, घासणे नाही. वहिनी थोड्या हिरमुसल्या. उपचाराला आलो आणि उपचारच नाही, असे त्यांना वाटले. पण पिकलिंगच्या हौदात टाकण्यापूर्वी वेटोळ्यावरचे तेलमाखले काढावे लागते, हे वडिलांनी त्यांना फार गंभीरपणे सांगितले आणि त्या हसल्या. कातडी अशी आधी तयार करण्याला फार महत्त्व आहे. निदान दोन ते चार आठवडे तरी ही तयारी हवी. तिच्यामुळे आम्ल सर्वत्र सारखे जाते आणि मागाहून काळे पडण्याचा धोका कमी होतो. याच काळात डॉक्टरांनी त्यांना पुष्कळ विचारून घेतले. गरोदर आहात का? ओठांवर तापाच्या पुळ्या वारंवार येतात का? मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या कधी घेतल्या का? जखमेवर मांस वाढून गाठ होण्याची खोड घरात कोणाला आहे का? नोकरीत उन्हात किती वेळ जातो? पार्लरमध्ये यांतला एकही प्रश्न विचारला गेला नव्हता, असे वहिनी परतताना रिक्षात म्हणाल्या.

पहिली बैठक ऑक्टोबरात, नवरात्र संपल्यावर झाली. त्याआधी कानामागे एका ठिपक्याएवढ्या जागेवर आम्ल लावून पाहिले होते. मी शेजारी बसले होते. चेहरा धुऊन त्यावरचे तेल स्पिरिटने पुसले. डोळ्यांच्या कोपऱ्यांत, नाकपुड्यांच्या कडांना आणि ओठांच्या टोकांना व्हॅसलिन लावले, कारण आम्ल अशा खळग्यांत साचते. डोळ्यांवर ओला कापूस ठेवला. मग पस्तीस टक्क्यांचे ग्लायकोलिक आम्ल, ब्रशाने, आधी कपाळ, मग गाल, नाक, हनुवटी, आणि घड्याळ. डॉक्टर बाईंची नजर घड्याळावर कमी आणि चेहऱ्यावर अधिक होती. मुंग्या चावल्यासारखे होते आहे, असे वहिनींनी सांगितले. दुसऱ्या मिनिटाला डाव्या गालावर लाली जरा आधी दिसली. तेवढ्याच जागी त्यांनी सोड्याचे द्रावण लगेच लावले आणि उरलेला चेहरा थोड्या वेळाने. बस्स. सारा समारंभ चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात आटोपला. थंड पाण्याच्या घड्या, साधे मलम, सनस्क्रीन, आणि घरी.

त्यानंतरच्या आठवड्यात पाहुण्यांना दाखवण्यासारखे काही घडले नाही. चौथ्या दिवशी नाकाच्या बाजूंना कोंड्यासारखे पापुद्रे सुटले. ते ओढून काढायचे नाहीत, अशी सक्त ताकीद होती. मोह मात्र फार होतो; वहिनी दोन दिवस हाताला काम म्हणून लोकरीचे विणकाम घेऊन बसल्या. दर तीन आठवड्यांनी एक अशा सहा बैठका झाल्या. वेळ थोडा थोडा वाढवला आणि पुढे प्रमाणही. फेब्रुवारीत पहिल्या दिवसाचे आणि शेवटच्या दिवसाचे छायाचित्र शेजारी ठेवले, तेव्हा मे महिन्यातल्या काळ्या कडा जवळजवळ गेलेल्या होत्या आणि मूळचा वांग बराच फिका झाला होता. गेला नव्हता. तो किती खोल आहे यावर ते अवलंबून असते. रंगद्रव्य वरच्या थरात असेल तर पील त्याला गाठते. आंतरत्वचेत उतरले असेल तर वरवरचे आम्ल तेथवर पोचत नाही, आणि पोचवायला जावे तर कातडी सूड घेते. वांगासाठी पील हा मुख्य उपाय नाही, मलमांना आणि सनस्क्रीनला दिलेली ती जोड आहे, हे डॉक्टर बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. ज्या दुकानात 'कायमचा' हा शब्द ऐकू येईल तेथून उठून यावे, असे माझे मत त्या दिवशी बनले.

मलमांचीही एक वेगळी कथा आहे. पुष्कळ घरांत पीलचा खर्च नको म्हणून औषधाच्या दुकानातून एक छोटी नळी आणली जाते. तिच्यात स्टेरॉइड असते, हायड्रोक्विनोन असते, ट्रेटिनॉइन असते. या त्रयीचा मूळ नुस्खा क्लिगमन यांनी १९७५ साली दिला; तो उपयुक्त आहे, पण ठरावीक आठवड्यांपुरता आणि देखरेखीखाली. पहिल्या पंधरवड्यात चेहरा असा काही उजळतो की नळी घरभर फिरते, नणंदेकडून जावेकडे आणि जावेकडून तिच्या कॉलेजातल्या मुलीकडे. मग कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ आणि लव येते, आणि नळी थांबवली की आग सुरू होते, म्हणून पुन्हा नळी. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षे चोळले तर उलट निळसर काळी झाक येऊ शकते. त्वचारोगतज्ज्ञांनी पुष्कळ वर्षे पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा स्टेरॉइड मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री करण्यास मनाई केली. मनाई कागदावर असते आणि नळी फळीवर, एवढेच.

येथे मला एक गोष्ट बोलून टाकावीशी वाटते. वांग फिका करणे वेगळे आणि रंग गोरा करणे वेगळे. पहिल्यात माणूस आपलाच चेहरा परत मागत असतो. दुसऱ्यात तो दुसऱ्या कोणाचा तरी मागतो, आणि तो कोणतेही आम्ल देऊ शकत नाही, कारण तळाच्या पेशी जन्माबरोबर मिळालेला रंग पुन्हा तयार करतातच. जाहिराती मात्र या दोहोंची इतकी सफाईने गल्लत करतात की भाषांतर करताना मलाही वाक्य दोनदा वाचावे लागते.

माझ्या भाचीच्या वर्गातल्या मुलींना हे सांगायला हवे होते, कारण दिवाळीच्या सुट्टीत तिच्या भ्रमणध्वनीवर एका लाल बाटलीचे चित्र दिसले. घरच्या घरी दहा मिनिटांत पील, असा मथळा. दोघी मैत्रिणी मिळून ती मागवणार होत्या. ओरडण्यात अर्थ नव्हता. तिला मी जुलै २०२४ मधली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची सूचना वाचून दाखवली. तीव्र प्रमाणातील ट्रायक्लोरोअॅसेटिक, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक आणि लॅक्टिक आम्लांचे पील तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय घेऊ नये, वापरू नये. त्यांनी रासायनिक भाजणे, सूज, संसर्ग, रंगातील बदल आणि कायमचे व्रण होऊ शकतात, असे त्यात म्हटले होते, आणि ते विकणाऱ्या काही कंपन्यांना ताकीदपत्रेही गेली होती. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग साबणासारख्या धुण्याच्या वस्तूतपण सॅलिसिलिक असतं, ते?" प्रश्न नेमका होता. मुरुमांसाठी चेहरा धुण्याच्या द्रवात ते साधारण एक-दोन टक्के असते आणि लगेच धुतले जाते. पीलमध्ये वीस ते तीस टक्के. नाव एकच, पण हातभट्टी आणि आसव यांत असावे तेवढे अंतर! बाटली मागवली गेली नाही. निदान आमच्या घरून तरी.

मार्च उजाडला तशी डॉक्टर बाईंनी पील बंद केले. मलमातही बदल केला. आता काम उरले ते उन्हाचे, आणि भिलाईचे ऊन म्हणजे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास नेणारे. सनस्क्रीन मटारएवढे लावून भागत नाही. तर्जनी आणि मधले बोट यांच्यावर लांबीभर दोन रेघा ओढाव्यात, तेवढे चेहरा आणि मान मिळून लागते, आणि बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांगाला नुसते अतिनील किरणच नव्हे तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही गडद करतो. त्याला साधे पांढरे सनस्क्रीन पुरेसे अडवत नाही, म्हणून लोहाच्या ऑक्साइडने किंचित रंगवलेले घ्यावे, असे डॉक्टरांनी सांगितले. लोहाचे ऑक्साइड! ज्या पापुद्र्याला काढण्यासाठी वडिलांच्या धंद्यात हौद भरतात, त्याचेच भावंड सून रोज सकाळी तोंडाला लावते, याची वडिलांना फार मौज वाटली.

एप्रिलअखेर डाव्या गालावरचा एक डाग पुन्हा थोडा दिसू लागला. वहिनी अस्वस्थ झाल्या, पण डॉक्टर बाईंकडे जाऊन पील मागितले नाही. "ऑक्टोबरात बघू," असे दोघींचे ठरले. शाळेची प्रार्थना आता मैदानाऐवजी व्हरांड्यात होते, ते मुख्याध्यापकांनी मुलांसाठी केले. वहिनींना त्याचा आयता लाभ झाला. मधल्या सुट्टीत पहाऱ्याचे काम मात्र मैदानातच असते. तेथे त्या मोठी काळी छत्री उघडून उभ्या राहतात, आणि सहावीच्या मुलांनी त्यांचे नाव छत्रीवाल्या मॅडम असे ठेवले आहे. हे त्यांनी मला दूरध्वनीवर स्वतःच सांगितले.